पितरांची चाकी

रिसोडच्या बाजारात उभ्या राहिलेल्या कुठल्याही मोटारीच्या चाकाला हात लावल्याशिवाय मिस्त्री पुढं जात नसत. मोटार कोणाची, मालक ओळखीचा की परका, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. गाडी थांबली की धोतर खोचून खाली वाकायचे आणि चाकाच्या मधोमध, जिथं आख आत शिरतो तिथं, उजव्या हाताची पालथी बोटं टेकवायचे. आई लेकराच्या कपाळाला हात लावून ताप बघते, अगदी तसं. चारही चाकांना असा हात लावून झाला की उठून ड्रायव्हरला निकाल द्यायचे. "डाव्या मागच्याले कसर हाय." नाहीतर, "याले चांगलाच ताप चढला, बाप्पा. आज सोडू नको गाडी." एखादा नवखा ड्रायव्हर हसायचा आणि गाडी काढायचा. तो संध्याकाळी बैलांच्या बंडीला मोटार बांधून परत यायचा. मग लोक त्याला हसायचे. सारा गाव त्यांना तापमिस्त्री म्हणे. मी नुसतं मिस्त्री म्हणायचो.

मूळचे ते कामरगावचे, घरचं काम बंड्या बनवायचं. चाकाचा तुंबा, म्हणजे मधला लाकडी गड्डा, कोरण्यात त्यांच्या वडलांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता म्हणत. मोटारी आल्या तेव्हा मिस्त्री तिशीत होते. इतरांनी इंजिनाचा धाक घेतला किंवा नाद घेतला. यांना इंजिनाचं काही वाटलं नाही. "गाडी चाकानं चालते," ते म्हणायचे, "इंजन फकस्त वरडते." हबला ते शेवटपर्यंत तुंबाच म्हणाले आणि ग्रीसला वंगण. आमच्या मालकानं त्यांना रिसोडात आपल्या आवारात आणून ठेवलं, तेव्हा मी मालकाकडं ड्रायव्हर होतो. रिसोड-वाशीम सर्व्हिस आमची. माझं वय तिशीच्या आतबाहेर.

मी बोलणारा माणूस नव्हे. सातवी पास होतो, चार ओळी नीट लिहायचो, पण तोंडातून शब्द काढायला मला कष्ट पडत. मिस्त्रींना ते आवडायचं. आल्यागेल्याला माझी ओळख करून देताना ते म्हणत, "हा डायवर खोटं बोलत नाई. कारन का, हा बोलतच नाई." लोक हसायचे, मीही हसायचो. त्या वाक्यातला अर्धा भाग खरा नव्हता, हे मला पुढं कळलं. आज तेच सांगायला बसलोय. मिस्त्री गेल्या पावसाळ्यात गेले.

आमची मोटार पाच साहेबलोकांनी ऐसपैस बसून हवा खात फिरावं म्हणून कधीकाळी बनवलेली होती. मालकानं ती जुनी घेतली, मागची बैठक उचकटून सागवानी बाकं ठोकली आणि बारा माणसं, त्यांची गाठोडी आणि सणासुदीला एखादी शेळी असा संसार तिच्यावर लादला. इंजिन बिचारं ओढायचं. मागची चाकं मात्र रडायची. आतली बेरिंगं बारीक, एकेका बाजूला एकच; दोन महिन्यांत त्यातले रोळे, म्हणजे रोलर, झिजून गव्हासारखे चपटे व्हायचे. वंगण वितळून ब्रेकवर यायचं, मग ब्रेक लागायचा नाही. मिस्त्री दर दोन महिन्यांनी नवं बेरिंग घालायचे आणि दर वेळी मालकाला सुनवायचे, "मालक, तुमी पोराच्या खांद्यावर पोतं देऊन राह्यले."

शेवटी त्यांनीच वाट काढली. वाशीमला कापसाच्या एका जिनाच्या मागं एक मोठी लॉरी मरून पडली होती. घाटात उलटली होती, तिचा ड्रायव्हर गेला होता. पुढचा भाग चेचलेला, मागचा शाबूत. तिचे मागचे तुंबे आमच्यापेक्षा दीडपट, प्रत्येकात दोन-दोन बेरिंगं आणि रोळे तिरके बसवलेले, म्हणजे ओझं खालून आलं तरी पेलतील आणि बाजूनं आलं तरी. मिस्त्रींनी ते दोन्ही तुंबे बंडीत घालून आणले. पण मोठा तुंबा बारीक आखावर बसणार कसा? सुतळी आणि ज्वारीच्या धांड्याचे तुकडे घेऊन ते दोन दिवस मापं काढत बसले. मग जिनातल्या लेथवर आखासाठी पोलादाच्या दोन नळ्या कातून आणल्या. एका बोहऱ्याच्या घोड्याचं जुनं खोगीर पडून होतं, त्याच्या लोकरीच्या नमद्यातून वाटोळे तुकडे कापले, वंगण आतल्या आत राहावं म्हणून. बेरिंग नळीवर घट्ट बसावं यासाठी ते आधी तापवून फुगवावं लागतं. मिस्त्रींनी आवारात चूल मांडली, कढईत तेल ओतलं आणि बेरिंगं सोडली. रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबायच्या.

"काय तळून राह्यले, मिस्त्री?"

"अनारसे. खाता का? दात हायेत ना पुरे?"

चार दिवसांत काम झालं. पहिल्या खेपेनंतर मी वाशीमहून परत आलो तेव्हा मिस्त्री आवाराच्या तोंडाशीच उभे. गाडी थांबायच्या आत वाकले. मागच्या दोन्ही चाकांना हात लावला आणि तो तसाच ठेवला. "थंडगार," म्हणाले. "मडक्यावानी." एवढा खूश झालेला माणूस मी क्वचित पाहिला असेल.

आता चाकीचं सांगतो. तुंबा आखावर बसवला की तोंडाशी एक मोठी चाकी येते, नट. ती सुटू नये म्हणून तिच्यामागं पत्र्याची चकती असते, तिचा कान चाकीवर वाकवून ठेवायचा, आणि वरून पितळी टोपी. उजव्या चाकाची चाकी नेहमीसारखी, घड्याळाच्या काट्याप्रमाणं फिरवली की कसते. डाव्या चाकाची मात्र उलट, कारण तिकडचं चाक उलटं फिरतं. सुलटे आटे असते तर चाकानंच चाकी हळूहळू सोडली असती. मिस्त्रींनी हे मला पहिल्याच दिवशी आपल्या भाषेत समजावलं होतं. "देवाले फेरे घालतो तशी फिरून कसते थे देवाची चाकी. श्राद्धाले सगळं उलटं करतो ना आपन, तशी उलटी फिरून कसते थे पितराची. उजवी देवाची, डावी पितराची. याच्यात कवा गल्लत करू नको." मी गल्लत केली नाही. ते मला पक्कं ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की माझी चूकभूल झाली. चूकभूल झाली नव्हती.

तुंबे बसवले ते नेमके पितृपक्षात. मालकाच्या घरातून निरोप आला की या पंधरवड्यात नवं काम काढू नये. बाजारातले लोक म्हणाले, मेल्या गाडीची चाकं, तीही पितरांच्या दिवसांत. मिस्त्रींनी हसण्यावारी नेलं. "पितराची चाकी पितराच्याच पंधरवड्यात नेट बसते," म्हणाले. सगळे हसले. मी हसलो नाही. माझी दोन लेकरं आधी गेली होती, दोन्ही सहा महिन्यांच्या आत. बायकोला आठवा लागला होता. पितर हा शब्द त्या दिवसांत माझ्या घरात कोणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं.

सर्वपित्री झाली, घट बसले. गाडी छान चालत होती, चाकं थंड होती. पण मी सीटवर बसलो की मागं डाव्या हाताला मेलेल्या ड्रायव्हरची काहीतरी वस्तू फिरतेय असं मला वाटे. दसऱ्याला मिस्त्री सणाला कामरगावी गेले. सकाळी मी गाडी धुतली, झेंडूच्या माळा बांधल्या, हळदकुंकू लावलं. आणि मग पाना घेऊन डाव्या मागच्या चाकाची टोपी काढली. पत्र्याचा कान उचकला. चाकीला कुंकू लावलं आणि तिला पाव फेरा दिला, देवाच्या बाजूनं. एवढंच. पितराची चाकी थोडी देवाकडं वळवली की तिच्यातलं अशुभ जाईल, असं माझ्या मनानं घेतलं होतं. पाव फेऱ्यानं काय होतं, असंही मनात म्हटलं. कान परत वाकवायला गेलो तो कडकन मोडला. चकतीला दुसरा कान होता, पण चाकी हलल्यामुळं तो खाचेत बसेना. चाकी मागं फिरवली असती तर बसला असता. बाहेर उतारू ओरडत होते, "डायवर, सोनं लुटाले जाऊ देतं का नाई?" मी टोपी लावून टाकली.

रिठदच्या अलीकडं नाला आहे. त्यात गाडी रुतली. दहा-बारा वेळा मागं-पुढं, मागं-पुढं करून ती काढली. नाला ओलांडून अर्धा मैल गेलो असू. मला डाव्या हाताला एक चाक दिसलं. ते आमच्या गाडीच्या पुढं निघून गेलं, मजेत, रस्त्याच्या कडेनं उड्या मारत. माझ्या शेजारी रिसोडचे एक म्हातारे कासार बसले होते, मांडीवर बांगड्यांची पेटी. ते म्हणाले, "डायवर, हे चाक कोनाचं हो?"

उत्तर द्यायला सवड मिळाली नाही. गाडी डावीकडं बसली, घसरत गेली आणि कपाशीत कलंडली. जीव कोणाचा गेला नाही. बाकीच्यांना खरचटलं. कासारकाकांचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला. त्या कपाशीत बांगड्यांचा एवढा चुरा पसरला होता की शेतकऱ्याच्या बायकोनं पुढं कितीतरी दिवस पोरांना तिकडं अनवाणी जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना बोलावून आणलं. आवारात मालक, चार माणसं, मी. चाकी आणि चकती सापडली नव्हती. नाल्याच्या चिखलात गेली असणार. मिस्त्री आखापाशी बसले. आट्यांवरून बोट फिरवलं. आटे शाबूत होते, म्हणजे चाकी तुटली नव्हती, नाल्यात मागं-पुढं करताना उतरत गेली होती. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "डायवर, टोपी काढली होती का तू?"

"नाई," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी खोटं बोलत नाही हे त्यांनीच गावभर सांगितलेलं. स्वतःचा उजवा हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "मंग माह्याच हातानं राह्यलं," म्हणाले. मालक रागावलेसुद्धा नाहीत, तेच वाईट झालं. कोणी रागावलं असतं तर मी कदाचित बोललो असतो. मिस्त्रींनी आपली पेटी उचलली आणि ते कामरगावी निघून गेले. बाजारात दोन दिवसांत ठरलं, म्हाताऱ्या मिस्त्रीचा हात गेला, मेल्या लॉरीचं भंगार घातलं, माणसं मेली असती.

महिन्यानं मला मुलगी झाली. ती जगली. सहा महिने झाले, वर्ष झालं, ती चालायला लागली. आणि माझ्या मनानं एक गाठ मारून घेतली: चाकी देवाकडं वळवली म्हणून पोर जगली, आता तोंड उघडलं तर ते सगळं उलटं फिरेल. तिला गोवर आला, मी गप्प. विंचू चावला, मी गप्प. लढाई आली, पेट्रोल मिळेना झालं, गाडी कोळशाच्या धुरावर चालवली, मालक म्हातारे झाले, कासारकाकांचा हात जरा वाकडा जुळला पण बांगड्या भरण्याइतका जुळला, आणि मी गप्पच. घरात बायको म्हणायची, तुमी दसऱ्याले असे काहून होता? मी म्हणायचो, ऊन लागलं.

चौदा वर्षांनी मुलीचं लग्न झालं. ती दुसऱ्याच्या घरची झाली, मांडव सुटला, आणि दुसऱ्या दिवशी मी कामरगावची मोटार धरली. धीर आला म्हणून गेलो, असं म्हणवत नाही. आता धरून ठेवण्याजोगं काही उरलं नव्हतं, म्हणून गेलो.

मिस्त्री पिठाच्या गिरणीवर होते. इंजिन चालवायचे, ज्याला ते नुसतं ओरडणारं म्हणायचे तेच. त्यांनी मला ओळखलं, घरी नेलं, ओसरीवर बसवलं. मिस्त्रीणबाईंनी चहा दिला. रस्त्यानं एक मोटार येऊन थांबली. मिस्त्रींनी तिकडं मानही वळवली नाही. हेच मला असह्य झालं.

"मिस्त्री, थे टोपी मी काढली होती."

"कोन्ती टोपी?"

"डाव्या मागच्या चाकाची. दसऱ्याच्या सकायी."

बशी खाली ठेवायला त्यांना वेळ लागला. "काहून?" म्हणाले. मी सगळं सांगितलं, लेकरांचं, पितरांचं, कुंकवाचं. ते मधे मधे विचारत होते, गाडीचं दुखणं विचारावं तसं.

"किती फिरवली?"

"पाव फेरा."

"देवाकून?"

"व्हय."

"अन् कान?"

"मोडला. दुसरा खाचेत बसेना."

"मंग?"

"टोपी लावली."

"टोपी लावली," ते म्हणाले. आणि मग उठून उभे राहिले. "भैताडा! चवदा वर्सं! चवदा वर्सं मी सकायी उठून हा हात पायतो, का याच्यातून काय गेलं म्हून. घास उचलला का पायतो, कापते का. एका चाकाले हात लावला नाई मी, भेव वाटे, कोनाचा जीव घेईन म्हून. अन् तू टोपी लावून बसला!" मारतील असं वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. पण ते दाराकडं वळून ओरडले, "अवं, आयकलं का? भाईर ये. माहा हात नव्हता! माहा हात नव्हता थो!"

मिस्त्रीणबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. त्यांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. मग माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाल्या, "चवदा वर्सं या घरात दसऱ्याले गोड झालं नाई, भाऊ."

मिस्त्री ओसरीच्या टोकाला जाऊन पाठमोरे बसले. त्यांचे खांदे हलत होते. रडताहेत असं मला वाटलं, पण वळले तेव्हा चेहरा हसरा होता, डोळे ओले होते. "पोरगी कशी हाय तुही?" म्हणाले.

"चांगली हाय. आताच लगन झालं."

"बरं झालं. पन आयक. थे चाकीनं नाई जगली. पोरगी तिच्या मायनं जगवली. चाकीनं फकस्त कासाराचा हात मोडला."

चौदा वर्षांची गाठ त्या माणसानं एका वाक्यात सोडली. मला एकदम भूक लागली, हे सांगायला लाज वाटते, पण लागली. मिस्त्रीणबाईंनी भाकरी वाढली आणि मी तिथं बसून जेवलो.

निघताना मिस्त्री म्हणाले, "बाजाराच्या दिवशी मी रिसोडाले येतो. तू सांगजो. मालकापुढं सांगजो, मले येकट्याले सांगून भागत नाई." त्यानंतर ते दोन वर्षं जगले, आणि त्या दोन वर्षांत कामरगावावरून जाणारी एकही मोटार त्यांनी तपासल्याशिवाय जाऊ दिली नाही, असं तिकडचे ड्रायव्हर मला तक्रारीच्या सुरात सांगायचे. पण मला सांगायचंय ते त्या बाजाराच्या दिवसाचं.

ते धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घालून आले. मालकाच्या आवारात बाकावर ताठ बसले, पाठ टेकली नाही. मालक होते, कासारकाका होते, आणखी दोघं-तिघं. मी उभा राहून सांगितलं. माझा आवाज इतका कापत होता की मालक मधेच म्हणाले, "जाऊ द्या आता, मिस्त्री. जुनी गोठ हाय."

"जाऊ कायले द्या? पुरी होऊ द्या."

मी पुरी केली. कासारकाकांनी आपला वाकडा हात वर धरला, माझ्याकडं पाहिलं. "म्हंजे याले तूच व्हय! अन् मी चवदा वर्सं मिस्त्रीले शिव्या देऊन राह्यलो." मग मिस्त्रींकडं वळून म्हणाले, "मिस्त्री, थ्या साऱ्या शिव्या वापस घेतल्या मी."

"वापस कायले घेता? याले द्या ना," मिस्त्री माझ्याकडं बोट करून म्हणाले, आणि सगळे हसले. कासारकाकांनी तिथल्या तिथं मला दोन मोजून दिल्या, चांगल्या जुन्या. मी मान खाली घालून घेतल्या.

एवढ्यात हॉटेलवाला चहाचे कप घेऊन आत आला. सगळे हसताहेत आणि मिस्त्री चौदा वर्षांनी बाकावर बसलेत हे पाहून तो दारातच थबकला. "काय झालं हो?" म्हणाला.

मिस्त्री बाकावर जरा सरकले, त्याला जागा करून दिली. "बस," म्हणाले. "डायवर पुन्हा पयलेपासून सांगते."

आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या खेपेला माझा आवाज कापला नाही.